अमेरिकेत हेलिकॉप्टर शिकायचंय? टीएसएच्या परवानगीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातला. अमेरिकेत रॉबिन्सन आर-२२ वर हेलिकॉप्टर शिकलो आणि आता कॅलिफोर्नियात तेच शिकवतो. पुण्याहून, ठाण्याहून, गावाकडून मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे मेसेज येत असतात. उडायची धास्ती फारशी कुणाला नसते, 'टीएसए अडकली तर?' ही धास्ती मात्र सगळ्यांना असते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत.

टीएसए क्लिअरन्स म्हणजे नक्की काय?

टीएसए म्हणजे अमेरिकेचं ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. विमानतळावर आपली बॅग तपासतात तेच खातं. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या माणसाला विमान किंवा हेलिकॉप्टर शिकवण्याआधी त्याच्यापासून काही धोका नाही ना, हे हे खातं तपासतं. या योजनेचं आजचं नाव फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्राम. पूर्वी तिला एलियन फ्लाइट स्टुडंट प्रोग्राम म्हणत, त्यामुळे जुने विद्यार्थी अजूनही 'एएफएसपी झालं का?' असंच विचारतात.

'सिक्युरिटी क्लिअरन्स' हा शब्द ऐकून घरचे घाबरतात. लष्करातल्या किंवा गुप्त कामाच्या क्लिअरन्सशी याचा संबंध नाही. तुम्ही कोण, कुठे राहत होता, कोणत्या व्हिसावर आलात आणि तुमच्यावर काही गुन्हे आहेत का, एवढंच बघितलं जातं.

ही अट आली कुठून?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातून. विमानं ताब्यात घेऊन चालवणारे अतिरेकी अमेरिकेतल्याच फ्लाइंग स्कूलमध्ये शिकले होते. त्यातल्या दोघांनी विद्यार्थी व्हिसाचा दर्जा मिळावा म्हणून अर्ज केला होता. तो मंजूर झाल्याची कागदपत्रं फ्लोरिडातल्या त्यांच्या शाळेत टपालाने पोचली ती मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने उलटल्यावर. एका खात्याला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. त्याच वर्षांत कायदे बदलत गेले. सुरुवातीला ही तपासणी न्याय खात्याकडे होती, ती डिसेंबर २००३ च्या कायद्याने टीएसएकडे आली आणि सप्टेंबर २००४ मध्ये नियम निघाले. त्यांची सुधारलेली आवृत्ती ३० जुलै २०२४ पासून लागू आहे. इंटरनेटवर त्याआधीची माहिती अजून भरपूर पडलेली आहे, म्हणून काहीही वाचताना आधी तारीख बघा.

आर-२२ सारख्या दोन सीटच्या एवढ्याशा हेलिकॉप्टरलाही हे लागतं?

लागतं. आर-२२ चं कमाल वजन १,३७० पौंड, म्हणजे सव्वासहाशे किलोच्या आसपास. आर-४४ रेव्हन टू २,५०० पौंडांचं. नियमातली मोठ्या विमानांची रेघ १२,५०० पौंडांवर, म्हणजे साधारण ५,६७० किलोंवर आहे. आपण शिकतो ती सगळी यंत्रं तिच्या कितीतरी खाली आहेत. तरीही पहिल्या लायसन्सचं प्रशिक्षण हलक्या हेलिकॉप्टरवर असलं तरी परवानगी लागतेच.

लायसन्सच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी परवानगी घ्यायची का?

हेलिकॉप्टरचा नेहमीचा रस्ता असा: प्रायव्हेट (हौशी लायसन्स), मग इन्स्ट्रुमेंट (बाहेरचं न दिसता उपकरणं बघून उडवणं), मग कमर्शियल (पैसे घेऊन उडवणं) आणि त्यानंतर इन्स्ट्रक्टर. टीएसएच्या हिशेबात यातले पहिले दोन येतात, म्हणजे पहिलं पायलट लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (रेटिंग म्हणजे लायसन्सवर मिळणारी जादा पात्रता). कमर्शियल आणि इन्स्ट्रक्टरच्या प्रशिक्षणाला वेगळी परवानगी लागत नाही. विमानवाल्यांना मल्टी-इंजिन रेटिंगसाठीही लागते. हेलिकॉप्टरला अमेरिकेत मल्टी-इंजिन असं वेगळं रेटिंगच नाही, त्यामुळे आपल्याला तो प्रश्न येत नाही.

पुढे मोठ्या हेलिकॉप्टरचं टाइप रेटिंग (त्या एका मॉडेलपुरती पात्रता) करायचं झालं तर पुन्हा संबंध येतो. समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारं एडब्ल्यू-१३९ घ्या. त्याचं वजन ६,४०० किलो, म्हणजे रेघेच्या वर.

जुन्या पद्धतीत प्रत्येक टप्प्याला नवा अर्ज आणि नवी फी होती. आता एकदा तपासणी झाली की ती पाच वर्षांपर्यंत चालते. तरी प्रायव्हेट संपवून इन्स्ट्रुमेंट सुरू करताना शाळेने तो टप्पा टीएसएच्या पोर्टलवर नोंदवावाच लागतो. फी पुन्हा नाही, नोंद मात्र पुन्हा आहे. पहिल्या तासाआधी शाळेला विचारा, 'माझी इन्स्ट्रुमेंटची नोंद झाली का?' विचारण्यात कमीपणा नाही.

व्हिसा कोणता लागतो? टूरिस्ट व्हिसावर जमेल का?

टूरिस्ट व्हिसावर लायसन्सचा कोर्स करता येत नाही. 'दोन महिन्यांत उरकून घे' असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. व्हिसाचा नियम मोडला तर टीएसएच काय, पुढचं सगळंच अडतं.

बहुतेक फ्लाइंग स्कूल एम-१ व्हिसासाठी आय-२०, म्हणजे प्रवेशाचा दाखला, देतात. हा व्यावसायिक प्रशिक्षणाचा व्हिसा. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष मिळतं, गरजेप्रमाणे वाढवून घेता येतं. कोर्स संपल्यावर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, असं जास्तीत जास्त सहा महिने प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेता येतं. काही शाळांकडे एफ-१ ची, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाची, मान्यता असते, त्यात कामाला जास्त वाव मिळतो. अमेरिकेत बसून एम-१ चा एफ-१ करता येत नाही, म्हणून हा निर्णय मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटची पायरी चढण्याआधी घ्या. हेलिकॉप्टरवाल्यांना तास जमवायला इन्स्ट्रक्टरची नोकरी हाच मोठा आधार असतो, त्यामुळे शाळा निवडताना व्हिसाचा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो.

आधी व्हिसा की आधी टीएसए?

मी सांगतो तो क्रम असा: शाळेत प्रवेश, आय-२०, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी, व्हिसा आणि मग टीएसएचा अर्ज. व्हिसा हातात असला की त्यावरचं नाव, पासपोर्टचा नंबर आणि शाळेचं नाव एकमेकांशी जुळतं आणि टीएसएच्या अर्जात शंकेला जागा राहत नाही. कोर्स सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांपर्यंत अमेरिकेत उतरता येतं. हे दिवस फुकट घालवू नका, फिंगरप्रिंट्स त्यातच होतात.

माझ्या नावात वडिलांचं नाव आहे. फॉर्मवर कसं लिहू?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. सर्वांत जास्त अर्जही इथेच अडखळतात.

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी पद्धत. अमेरिकेच्या फॉर्मवर पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन रकाने दिसतात आणि वाटतं, हे तर आपल्यासाठीच केलंय. पण आपल्या पासपोर्टवर रकाने दोनच आहेत. बहुतेक मराठी पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, आडनाव दुसऱ्यात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, त्या बघा. मशीन वाचतं ते नाव तेच. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आय-२० वर वडिलांचं नाव होतं, विमानाच्या तिकिटावर नव्हतं आणि टीएसएच्या अर्जात ते त्याने मधल्या नावात घातलं होतं. तिन्ही कागदांवर माणूस एकच, तरी खुलासे करण्यात त्याचे दिवस गेले. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहा. कुठला भाग कोणत्या रकान्यात टाकायचा याचा संभ्रम असेल तर अर्ज पाठवण्याआधी शाळेला स्क्रीनचा फोटो पाठवून विचारा.

लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंसाठी: पूर्वीच्या नावांचा रकाना येतो तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा. दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या, यात काही चूक नाही. ते नाव न लिहिणं मात्र चूक आहे. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं आणि ते पुढे प्रत्येक कागदावर मागे लागतं. वेळ हातात असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

जन्मगाव छत्रपती संभाजीनगर लिहू की औरंगाबाद?

पासपोर्टवर छापलंय ते. धाराशिव, अहिल्यानगरवाल्यांनाही हेच उत्तर. शहराचं आजचं नाव तुम्हाला कितीही प्रिय असलं तरी इथे कागद कागदाशी जुळायला हवा.

पत्त्यांचंही असंच. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते लागतात. होस्टेल, पीजी, भाड्याची खोली, सगळं. 'मारुती मंदिरामागे, मु. पो.' असा पत्ता लिहायला हरकत नाही, पण पिनकोड, तालुका, जिल्हा द्या आणि महिन्यांत खंड पडू देऊ नका. इंजिनीअरिंगला चार वर्षांत तीन खोल्या बदललेल्या मुलांनी आधी वहीत यादी करावी. घरमालकाचं नाव विसरलं तर चालतं, महिना विसरून चालत नाही.

आणि तारखा. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. ५ ऑगस्टचा जन्म आपल्या सवयीने लिहिला की तो ८ मे होतो. मोबाइलवर घाईघाईत फॉर्म भरू नका. शांतपणे कॉम्प्युटरवर बसा, शेजारी पासपोर्ट उघडा ठेवा आणि अक्षर अन् अक्षर ताडून बघा.

पोलिसांकडचं पीसीसी (चारित्र्याचा दाखला) काढावं लागतं का?

टीएसएसाठी नाही. तपासणी त्यांची ते करतात. पासपोर्ट ऑफिसच्या फेऱ्या वाचवा.

फी किती?

पूर्ण तपासणीची फी १४० डॉलर, पाच वर्षांपर्यंतची. ज्यांची अमेरिकन सरकारकडे आधीच अशी एखादी तपासणी झालेली आहे त्यांना थोडी कमी पडते, भारतातून नव्याने येणाऱ्याला १४० च धरा. फिंगरप्रिंट्सचे पैसे वेगळे. अर्ज फेटाळला किंवा तुम्हीच मागे घेतला तरी फी परत मिळत नाही.

फिंगरप्रिंट्स कुठे आणि कसे देतात?

व्हिसाच्या वेळी मुंबईत बोटं टेकवली होती ती इथे चालत नाहीत. टीएसएसाठी वेगळे ठसे द्यावे लागतात. अर्ज पुढे सरकला की त्याची सूचना ईमेलवर येते. ती स्पॅममध्येही जाते, तेव्हा रोज बघा. अमेरिकेत ठरलेल्या केंद्रांवर हे काम होतं. ठसे एफबीआयच्या नोंदींशी ताडले जातात.

एका विद्यार्थ्याचे ठसे पुसट म्हणून परत आले होते. सांगलीकडचा मुलगा, वडिलांच्या वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये लहानपणापासून हात घातलेला. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवरच्या रेषा घासून सपाट झाल्या होत्या, काचेवर नुसता गोल डाग उमटायचा. तो फार खचला होता. त्याला वाटलं, आता संपलं. मी त्याला आठवडाभर रात्री हाताला खोबरेल तेल चोळायला लावलं, भांडी घासताना हातमोजे घालायला लावले. दुसऱ्या वेळी केंद्रावरच्या बाईंनी त्याचं एकेक बोट स्वतःच्या हातात धरून सावकाश फिरवलं आणि ठसे लागले. ठसा पुसट आला म्हणजे नकार आला असं नसतं, पुन्हा देता येतात. हाताने काम करणाऱ्या घरातल्या मुलांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. जायच्या आधी घरात लग्न असेल तर बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका.

परवानगीला किती दिवस लागतात? तोवर काय करायचं?

अर्ज, फी आणि ठसे सगळं पूर्ण झाल्यापासून ३० दिवस धरून चाला. लवकर झालं तर आनंद. परतीचं तिकीट, भाड्याची खोली, कर्जाचा हप्ता यांची गणितं ३० दिवसांवर मांडा.

वाट बघताना जमिनीवरचं शिक्षण पूर्ण चालू ठेवता येतं, त्याला टीएसएची परवानगी लागत नाही. हवामान, नियम, नकाशे, लेखी परीक्षा हे सगळं उरका. मेडिकल करून घ्या. हेलिकॉप्टरवाल्यांना अजून एक काम आहे. आर-२२ आणि आर-४४ ला अमेरिकेत खास नियम आहे: कंट्रोल्सना हात लावण्याआधी या यंत्रांच्या धोक्यांचं शिक्षण घ्यावंच लागतं. रोटरचे फेरे कमी होणं, लो-जी (हवेत वजन हलकं झाल्यासारखं होणं), मास्ट बम्पिंग (रोटरचा मधला भाग त्याच्या दांड्यावर आपटणं), हे सगळं फळ्यासमोर बसून. मी विद्यार्थ्यांना वाट बघण्याच्या दिवसांतच हे शिकवतो, आणि घाई नसल्यामुळे ते डोक्यात पक्कं बसतं. पहिल्या तासाला काय होणार आहे हे माहीत असलेला विद्यार्थी कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) शांत हाताने धरतो.

परवानगी यायच्या आधी एखादी फेरी मारली तर?

शाळेची ओळख करून देणारी डेमो फ्लाइट चालते. त्यापलीकडे नाही. 'ई-मेल आजउद्या येईलच, चला सुरू करू' असं कुणी इन्स्ट्रक्टर म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा. पोर्टलवर परवानगी दिसल्याशिवाय लायसन्सच्या प्रशिक्षणाचा एक मिनिटही लॉगबुकमध्ये चढता कामा नये. शाळेला दंड होईल तो होईल, पण तुमचा व्हिसा आणि पुढचं सगळं करिअर पणाला लागतं.

आम्ही अमेरिकेतच नोकरीला आहोत. आम्हालाही लागू आहे?

एच-१बी, एच-४, एल-१ वर असाल तर हो, टीएसए लागतेच. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकणारे बरेच मराठी लोक आहेत, त्यांना वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांनाही लागते. इथे पुष्कळ जण चुकतात, 'मी तर कायमचा रहिवासी' म्हणतात. नियमात विचारलंय ते नागरिकत्व. अमेरिकेचा पासपोर्ट घेतलेल्यांना तपासणी नाही, पासपोर्ट शाळेला दाखवायचा आणि त्याची नोंद करून घ्यायची. ओसीआय कार्ड असल्याने यात फरक पडत नाही.

ओळखीचे एक काका इन्स्ट्रक्टर आहेत, त्यांच्याकडे घरगुती शिकलो तर?

शिका, पण नियम तोच. एकटा इन्स्ट्रक्टरही टीएसएच्या दृष्टीने प्रशिक्षण देणारा असतो. काकांना पोर्टलवर नोंद करावी लागेल, तुमचा टप्पा कळवावा लागेल आणि कागद पाच वर्षं जपून ठेवावे लागतील. काकांना हे माहीत नसेल तर त्यांनाही आताच सांगा, अडचणीत तेही येतील.

कॉलेजात असताना माझ्यावर एक केस झाली होती. लिहू की नको?

लिहा. आंदोलनातली असो, मारामारीतली असो, सुटलेले असाल तरी प्रश्न विचारला असेल तर खरं उत्तर द्या आणि कोर्टाच्या निकालाची प्रत इंग्रजी भाषांतरासह जवळ ठेवा. खोटी माहिती हे स्वतःच नकाराचं कारण ठरतं. मराठी घरांत 'कशाला उगाच सांगायचं' ही सवय असते. इथे ती महागात पडते. केसचं स्वरूप गंभीर असेल तर पैसे भरण्याआधी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलाच.

शाळा बदलायची आहे.

एम-१ वर शाळा बदलता येते ती साधारण पहिल्या सहा महिन्यांतच. तुमची तपासणी तुमच्याच नावाची असल्याने ती वाया जात नाही, पण नव्या शाळेने तुमचं प्रशिक्षण पोर्टलवर नव्याने नोंदवल्याशिवाय तिथे उडायचं नाही. पासपोर्ट नवा झाला, व्हिसा बदलला, तर तेही पोर्टलवर लगेच कळवा.

एजंट म्हणतो, 'टीएसएचं आम्ही बघतो, पासवर्ड द्या.'

देऊ नका. कृपा करून देऊ नका. अर्जातल्या प्रत्येक शब्दाखाली तुमची सही आहे. एका मुलीच्या अर्जात एजंटने तिचं पुण्यातलं होस्टेल गाळून तीन वर्षं गावाकडचा एकच पत्ता टाकला होता, काम सोपं व्हावं म्हणून. तिच्या व्हिसाच्या फॉर्मवर होस्टेल होतं. रात्री दोन वाजता तिने मला रडत फोन केला. चूक दुसऱ्याची आणि उत्तर द्यायचं तिने. तासाभराचं काम आहे, स्वतः करा. वडील शेत गहाण ठेवून पैसे उभे करतात, आपण फॉर्म तरी आपल्या हाताने भरावा.

भारतात परतल्यावर टीएसएची ही परवानगी कामाला येते का?

नाही. डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचं) कमर्शियल हेलिकॉप्टर लायसन्स वेगळं, त्याच्या परीक्षा आणि मेडिकल वेगळे. जुहूला नोकरी लागली तर विमानतळाचा प्रवेश पास बीसीएएसच्या (भारताच्या विमान सुरक्षा खात्याच्या) पद्धतीने मिळतो. अमेरिकेतले तास मात्र लॉगबुकमध्ये नीट, सहीशिक्क्यानिशी ठेवा. ते कामाला येतात.

पहिल्या दिवशी काय न्यायचं?

मूळ पासपोर्ट, व्हिसा, आय-२०, परवानगीच्या ईमेलची प्रिंट. शाळा तुमचा फोटो काढून टीएसएकडे पाठवते, कारण ज्याची तपासणी झाली तोच माणूस शिकायला उभा आहे याची खात्री हवी असते. गॉगल आणि टोपी काढा. मी फोटो हँगरच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढतो, पोर्टलवर चढवतो आणि मग हातात चेकलिस्ट देतो. आर-२२ तोवर बाहेर काढून ठेवलेलं असतं.